विश्वातील आपले स्थान : पाठ शिकविताना ‘हे कसे कळले?’ हा प्रश्न

पाठाचा हेतू

प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत पृथ्वी, सूर्य, चंद्र व तारे यांविषयीचे पाठ येतात. पृथ्वी गोल आहे, ती स्वतःभोवती व सूर्याभोवती फिरते, सूर्य हाही एक ताराच आहे, ही विधाने मुले लवकर पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु त्याच मुलास शेतावर एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने विचारले, “पृथ्वी फिरते म्हणतोस, मग विहिरीतले पाणी सांडत कसे नाही?” तर ते गप्प बसते. त्याने ते विधान पुस्तकाच्या शब्दावर मान्य केलेले असते. त्यामागील आधार त्यास कोणी दाखविलेला नसतो. असे ज्ञान फार कच्चे असते. उद्या दुसऱ्या कोणी तितक्याच अधिकारवाणीने अगदी उलट सांगितले, तर तेही ते मूल तितक्याच सहजपणे खरे मानील.

म्हणून हा पाठ शिकविताना प्रत्येक विधानापाठोपाठ ‘हे कसे कळले?’ हा प्रश्न वर्गात यावयास हवा. विश्वासंबंधीच्या ज्ञानाचा इतिहास हा या एका प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे. त्यातील आरंभीची उत्तरे काढण्यास दुर्बीणही लागली नव्हती. एक काठी, सपाट अंगण आणि धीराने पाहणारे डोळे एवढ्यावर ती निघाली. ही साधने खेड्यातील प्रत्येक शाळेत आहेत.

आरंभ गावच्या आकाशापासून

शेतकऱ्याच्या घरातील मूल आकाशाविषयी अगदीच अजाण नसते. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे त्याच्या कानांवर पेरणीच्या बोलण्यातून आलेली असतात. ७ किंवा ८ जूनच्या सुमारास ‘मृग लागला’ असे घरोघर म्हणतात, हे त्यास ठाऊक असते. शिक्षकांनी पाठाची सुरुवात येथूनच करावी.

वर्गास असे विचारावे की, मृग लागतो त्या दिवसांत रात्री आकाशात मृग नक्षत्र दिसते का? बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. वस्तुतः ते त्या वेळी दिसत नाही, आणि त्याचे कारण केवळ ढग हे नव्हे. मृग लागला याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्राच्या दिशेस आला. तेव्हा ते तारे सूर्याबरोबर उगवतात, सूर्याबरोबर मावळतात आणि दिवसाच्या प्रकाशात लोपून जातात. हेच नक्षत्र डिसेंबरअखेर पाहावे, म्हणजे तिन्हीसांजेनंतर ते पूर्वेस वर येते आणि रात्रभर आकाशात असते.

सहा महिन्यांत असा पालट का होतो, याचा विचार मुलांना करू द्यावा. वर्गाच्या मध्यभागी एका मुलास ‘सूर्य’ म्हणून उभे करावे, चारी भिंतींवर नक्षत्रांची नावे लिहावीत आणि दुसऱ्या मुलास ‘पृथ्वी’ होऊन त्याच्याभोवती चालावयास सांगावे. सूर्याच्या पाठीमागची भिंत दर वेळी बदलते हे त्यास आपोआप दिसेल. मात्र येथे शिक्षकांनी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी. ‘पृथ्वी’ मध्यभागी उभी राहिली आणि ‘सूर्य’ भोवती फिरला तरीही भिंती अशाच बदलतात. नुसत्या या पालटावरून कोण फिरते याचा निकाल लागत नाही. हजारो वर्षे मोठमोठ्या पंडितांना हा निर्णय का करता आला नाही, हे मुलांना या खेळातून कळेल आणि पूर्वीच्या माणसांस अडाणी समजण्याची चूक त्यांच्याकडून होणार नाही.

काठीची छाया आणि पृथ्वीचे माप

पृथ्वी गोल आहे याचा एक पुरावा चंद्रग्रहणात मिळतो. चंद्रावर पडणारी पृथ्वीच्या छायेची कड नेहमीच वाटोळी असते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हा पुरावा दिला होता. परंतु गोल म्हणजे केवढी गोल? हे माप इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या नगरीत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या विद्वानाने काढले. तो तेथील सुप्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख होता.

दक्षिणेकडील साइनी या गावी, म्हणजे आजच्या आस्वान येथे, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो, हे त्यास माहीत होते. त्याच दिवशी, त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र उभ्या शंकूची छाया पडत असे. सूर्यकिरण आणि शंकू यांमधील कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे सुमारे ७.२ अंश भरला. सूर्य फार दूर असल्यामुळे त्याचे किरण दोन्ही ठिकाणी समांतरच येतात. तेव्हा कोनातील हा फरक जमिनीच्या वक्रतेमुळेच पडला पाहिजे. दोन गावांमधील अंतर ५,००० स्टेडिया मानले जाई. त्याची पन्नास पट, म्हणजे २,५०,००० स्टेडिया, हा पृथ्वीचा परिघ ठरला. एका माणसाने आपला देश न सोडता सबंध पृथ्वी मोजली, ती अशी.

हा प्रयोग महाराष्ट्रातील दोन शाळा मिळून करू शकतात. कोल्हापूर व धुळे ही ठिकाणे जवळजवळ दक्षिणोत्तर रेषेत आहेत. दोहोंच्या परिसरातील शाळांनी पत्राने एक दिवस ठरवावा. २१ मार्च हा दिवस सोयीचा आहे, कारण शाळा चालू असते आणि आकाश बहुधा निरभ्र असते. सपाट जागेवर १०० सेंटिमीटर उंचीची काठी ओळंब्याने अगदी सरळ उभी करावी. दुपारी बारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी छायेच्या टोकाशी खूण करावी आणि सर्वांत आखूड छाया मोजावी. स्थानिक माध्यान्ह घड्याळातील बाराच्या ठोक्याला होत नाही. पश्चिम महाराष्ट्रात त्या दिवसांत ती साडेबारानंतर होते, हेही मुलांना येथेच समजेल.

त्या दिवशी कोल्हापूरकडील छाया सुमारे ३० सेंटिमीटर आणि धुळ्याकडील सुमारे ३८ सेंटिमीटर भरेल. वहीवर काठीची उंची १० सेंटिमीटर व पाया ३ किंवा ३.८ सेंटिमीटर घेऊन काटकोन त्रिकोण काढावा आणि वरच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. एका ठिकाणी तो १७ अंशांच्या व दुसऱ्या ठिकाणी २१ अंशांच्या जवळपास येईल. दोहोंतील फरक ४ अंशांचा. वर्तुळात असे ९० भाग बसतात. नकाशाच्या प्रमाणावरून दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४६५ किलोमीटर निघते. त्याची ९० पट म्हणजे ४१,८५० किलोमीटर. पृथ्वीचा खरा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. एका काठीच्या आणि एका पोस्टकार्डाच्या आधाराने एवढे जवळचे उत्तर येते, ही मुलांच्या दृष्टीने आयुष्यभर लक्षात राहणारी गोष्ट होईल.

एखाद्या शाळेचे उत्तर ३५,००० किंवा ४५,००० किलोमीटर आले, तर ते खोडून पुस्तकातील आकडा लिहावयास लावू नये. कोनाच्या फरकात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी उत्तर एवढे पालटते. चूक कोठे शिरली असेल, काठी कलली होती काय, छायेचे टोक पुसट होते काय, याचा शोध घेणे हा पाठाचा उत्तम भाग होय.

साइनीचा चमत्कार पाहण्यासाठी इजिप्तला जाण्याचेही कारण नाही. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथील प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची छाया नाहीशी होते. कोल्हापुरास हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, तर नागपुरास मेच्या चौथ्या आठवड्यात. दुसऱ्या वेळी जुलै-ऑगस्टमधील ढगांमुळे तो बहुधा हुकतो. मेमध्ये शाळेस सुट्टी असते; तरीही गावातच असलेल्या मुलांना त्या दुपारी अंगणात काठी उभी करण्यास अवश्य सांगावे. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये, ही सूचना प्रत्येक वेळी द्यावी.

आकाश फिरते की पृथ्वी?

भारतात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला. आर्यभट यांनी इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ‘आर्यभटीय’ हा ग्रंथ रचला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्यांनी प्रतिपादिले. चालत्या नावेतील माणसास काठावरील वस्तू मागे जाताना दिसतात, हा त्यांचा दाखला आज एस. टी.तून प्रवास करणाऱ्या मुलास सहज पटेल. ग्रहणे छायेमुळे होतात, हेही त्यांनी सांगितले.

पुढील पंडितांनी पृथ्वीच्या भ्रमणाचे हे मत स्वीकारले नाही. वराहमिहिर यांनी असा आक्षेप घेतला की, पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेल्या पक्ष्यांना आपली घरटी परत सापडली नसती. ब्रह्मगुप्त यांनीही भ्रमणाच्या विरुद्ध मत दिले. हे आक्षेप हास्यास्पद नव्हते. त्या काळी त्यांचे समाधानकारक उत्तर कोणाजवळच नव्हते. ते उत्तर सतराव्या शतकात गॅलिलिओच्या गतिविषयक विचारांतून मिळाले. एकसारख्या वेगाने चाललेल्या बसमध्ये मुलाने चेंडू सरळ वर उडविला, तर तो मागे न पडता त्याच्याच हातात येतो, कारण चेंडूसही बसचा वेग असतो. तसेच पृथ्वीबरोबर तिचे वातावरण, पक्षी, झाडे आणि विहिरीतील पाणी ही सारी एकाच वेगाने जात असतात. पाठाच्या आरंभी आलेल्या त्या वडीलधाऱ्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर हेच होय. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे सर्वांच्या डोळ्यांसमोर दाखविणारा प्रयोग फ्रान्समधील फुको याने १८५१ मध्ये पॅरिस येथे, उंच घुमटातून टांगलेल्या लंबकाच्या साहाय्याने केला. लंबकाच्या झोक्याची दिशा तासातासाला बदलत गेली, कारण त्याखालची जमीन फिरत होती.

भास्कराचार्य यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ ११५० मधील आहे. पृथ्वीस खाली आधार काय, या प्रश्नावर त्यांनी तर्कशुद्ध विचार मांडला : पृथ्वीस आधार हवा असेल तर त्या आधारासही दुसरा आधार हवा, आणि असे म्हणत गेल्यास त्यास अंतच राहत नाही, त्यापेक्षा पृथ्वी स्वतःच्या शक्तीने अवकाशात राहते असे मानणे योग्य. जमीन सपाट का दिसते, याचेही कारण त्यांनी दिले आहे. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा अगदी लहान भाग सरळच भासतो. मुलांनी दोरीने अंगणात मोठे वर्तुळ काढून त्याचा वीतभर भाग पाहावा, म्हणजे हे पटते.

या ज्ञानाशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याची नोंद त्यात आहे. हा लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. आठशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या एका डोंगरकपारीत ग्रहगणित शिकविणारी शाळा होती, ही गोष्ट आजच्या खेड्यातील शिक्षकास अभिमानाची वाटेल अशीच आहे.

मध्य पृथ्वीवरून सूर्याकडे

सूर्य मध्यभागी आहे असा विचार इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ॲरिस्टार्कस या ग्रीक विद्वानाने मांडला होता. परंतु इ. स. दुसऱ्या शतकातील टॉलेमी याच्या ग्रंथातील पृथ्वीकेंद्री रचना पुढे सुमारे १,४०० वर्षे मान्य राहिली. तिच्यावरून ग्रहांची स्थाने बऱ्यापैकी वर्तविता येत, हे त्याचे कारण. १५४३ मध्ये पोलंडमधील कोपर्निकस याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूर्य मध्यभागी मानल्यास ग्रहांच्या उलटसुलट गतीचा उलगडा सोप्या रीतीने होतो, असे त्याने दाखविले.

त्यावरही एक बळकट आक्षेप होता. पृथ्वी सूर्याभोवती एवढ्या मोठ्या कक्षेत फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने ताऱ्यांच्या जागा किंचित सरकलेल्या दिसल्या पाहिजेत. मुलांनी हात लांब करून अंगठा उभा धरावा आणि पाळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहावे. अंगठा मागील भिंतीवर सरकताना दिसतो. ताऱ्यांत असे सरकणे कोणासच दिसत नव्हते. तारे अतिशय दूर आहेत म्हणून ते दिसत नाही, असे कोपर्निकसचे उत्तर होते; पण त्यास पुरावा नव्हता. तो मिळण्यास जवळजवळ तीनशे वर्षे लागली. १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल याने हंस या तारकासंघातील एका ताऱ्याचे सरकणे मोजले. तो कोन एका विकलेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान होता. रुपयाचे नाणे सुमारे पंधरा किलोमीटरांवरून पाहावे, तर ते डोळ्यांशी जेवढा कोन करील तेवढाच हा कोन होय. आक्षेप घेणारे योग्य तेच विचारीत होते, आणि त्या प्रश्नामुळेच ताऱ्यांची अंतरे मोजण्याची रीत सापडली.

मधल्या काळात तिघांनी मोठे काम केले. डेन्मार्कच्या टायको ब्राहे याने दुर्बिणीवाचून, नुसत्या डोळ्यांनी, ग्रहांच्या स्थानांच्या अत्यंत काटेकोर नोंदी वर्षानुवर्षे ठेविल्या. त्याच्या मृत्यूनंतर केप्लर याने त्या नोंदींवरून मंगळाची कक्षा काढण्याचा प्रयत्न केला. वर्तुळाकार कक्षांवर आधारलेले गणित आणि टायकोच्या नोंदी यांत आठ कलांचा, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या सुमारे पाव भागाचा, फरक राहिला. दुसऱ्या कोणी तो दुर्लक्षिला असता. केप्लरने आपले गणितच टाकून दिले, पुन्हा आरंभ केला, आणि कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे असे त्यास आढळले. हे त्याने १६०९ मध्ये प्रसिद्ध केले. स्वतःच्या कित्येक वर्षांच्या श्रमापेक्षा आठ कलांच्या नोंदीस अधिक मान देणे, ही शास्त्रीय वृत्तीची खरी कसोटी होय.

१६१० च्या आरंभी इटलीतील गॅलिलिओ याने आपल्या लहानशा दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. सर्वच गोल पृथ्वीभोवती फिरतात, हे मत त्या क्षणी ढळले. पुढे शुक्राच्या कलाही त्यास चंद्राप्रमाणेच पूर्ण दिसल्या. शुक्र सूर्याभोवती फिरत असल्यावाचून ते शक्य नव्हते. या मतांचा पुरस्कार केल्याबद्दल १६३३ मध्ये रोम येथे धर्मपीठाच्या न्यायासनापुढे त्याच्यावर खटला झाला आणि १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेत राहिला. त्या निर्णयात चूक झाली होती, हे रोमच्या धर्मपीठाने १९९२ मध्ये मान्य केले. १६८७ मध्ये न्यूटन याने गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला आणि झाडावरून पडणारे फळ व पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत हे दाखविले.

सूर्यही मध्यभागी नाही

रात्री निरभ्र आकाशात जो दुधट पट्टा दिसतो ती आकाशगंगा. ती असंख्य ताऱ्यांची बनलेली आहे, हे गॅलिलिओच्या दुर्बिणीनेच दाखविले होते. सूर्य तिच्या मध्यभागी असावा, असा समज पुष्कळ काळ होता. अमेरिकेतील शॅप्ली याने १९१८ मध्ये तो दूर केला. आजच्या मापनाप्रमाणे सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाश सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर जातो. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत येण्यास त्यास सव्वाआठ मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. तोच प्रकाश वर्षभरात जेवढे अंतर तोडतो, ते एक प्रकाशवर्ष.

एवढी मोठी अंतरे मोजण्याची गुरुकिल्ली हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने शोधून काढली. छायाचित्रांच्या काचांवरील ताऱ्यांचे ठिपके तपासण्याचे काम तिच्याकडे होते. काही तारे ठरावीक दिवसांनी तेजस्वी व मंद होतात. अशा एका प्रकारच्या, म्हणजे सेफीड ताऱ्यांत, ज्याचा तेजबदलाचा काळ अधिक तो तारा मुळात अधिक तेजस्वी असतो, असे तिने १९१२ मध्ये दाखविले. याचा उपयोग मुलांना दिव्याच्या दाखल्याने सांगता येईल. दोन घरांत सारख्याच शक्तीचे दिवे आहेत हे माहीत असेल, तर रात्री जो मंद दिसेल ते घर दूरचे, हे कळते. आणि किती मंद, यावरून किती दूर हेही काढता येते.

याच किल्लीने १९२३ मध्ये हबल याने देवयानी तारकासंघातील अंधूक मेघामध्ये एक सेफीड तारा ओळखला. त्याचे अंतर आकाशगंगेच्या पलीकडे फार दूर निघाले. तो मेघ नसून स्वतंत्र दीर्घिका होती, म्हणजे आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा आणखी एक प्रचंड समूह. हबलने तिचे अंतर सुमारे ९ लक्ष प्रकाशवर्षे काढले. सेफीड तारे दोन प्रकारचे असतात हे १९५२ मध्ये बाडे याने दाखविल्यावर ते माप दुरुस्त झाले. आज ते सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे मानले जाते. ही दीर्घिका नोव्हेंबर-डिसेंबरच्या काळोख्या रात्री खेड्यातील आकाशात नुसत्या डोळ्यांनीही पुसटशी दिसते. शहरातील दिव्यांच्या झगमगाटात ती दिसत नाही. मूल तिच्याकडे पाहते, तेव्हा त्याच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश पृथ्वीवर आजचा मानव अवतरण्यापूर्वीच निघालेला असतो.

विश्वाच्या आरंभाचा शोध

बहुतेक दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत आणि जी अधिक दूर ती अधिक वेगाने जाते, असे हबलने १९२९ मध्ये दाखविले. बेल्जियमच्या लमेत्र यानेही १९२७ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचे गणित मांडले होते. फुग्यावर शाईचे ठिपके देऊन तो फुगवावा. प्रत्येक ठिपक्यास इतर ठिपके आपल्यापासून दूर जाताना दिसतील, तरीही फुग्याच्या पृष्ठभागावर कोणताच ठिपका मध्यभागी नसतो. विश्वास मध्यच नाही, हे येथून समजते.

प्रसरण उलट दिशेने मोजीत गेल्यास विश्व एके काळी अतिशय दाट व तप्त होते असे निघते. त्याचा पुरावा अनपेक्षितपणे मिळाला. अमेरिकेत पेंझियस व विल्सन यांना १९६४-६५ मध्ये आपल्या आकाशकात सर्व दिशांनी येणारी एक मंद खरखर आढळली. त्यांनी यंत्रातील दोष तपासले, आकाशकात बसलेल्या कबुतरांची घाणही साफ केली. पण खरखर गेली नाही. ती प्राचीन तप्त विश्वाची उरलेली ऊब होती. तिचे तापमान आता उणे २७० अंश सेल्सिअस इतके उतरले आहे. आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

या मताविरुद्धही विचार झाला. कोल्हापुरास जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी इंग्लंडमधील फ्रेड हॉयल यांच्याबरोबर काम केले आणि विश्वास एकच असा स्फोटक आरंभ होता या कल्पनेस अखेरपर्यंत प्रश्न विचारले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी त्यांचा पर्याय स्वीकारला नाही. परंतु पुराव्याच्या भाषेत घेतलेल्या शंकेस शास्त्रात मानाचे स्थान असते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या शेतमळ्यांच्या परिसरातून दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात.

शाळेच्या आवारातील सूर्यमाला

आकड्यांपेक्षा पुढील प्रतिकृती अधिक शिकविते. शाळेच्या भिंतीवर १ मीटर व्यासाचे वर्तुळ काढावे, हा सूर्य. या प्रमाणात पृथ्वी म्हणजे हरभऱ्याचा एक दाणा. तो सूर्यापासून सुमारे १०७ मीटरांवर ठेवावा. चंद्र म्हणजे बाजरीचा दाणा. तो हरभऱ्यापासून २८ सेंटिमीटरांवर. गुरू म्हणजे मोठे मोसंबे, सुमारे ५६० मीटरांवर, म्हणजे गावाच्या वेशीपाशी. शेवटचा ग्रह नेपच्यून सुमारे ३.२ किलोमीटरांवर, शेजारच्या गावात. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा कोठे ठेवावा लागेल? सुमारे २९,००० किलोमीटरांवर. या शाळेतून निघून खऱ्या पृथ्वीची दोन तृतीयांशाहून अधिक प्रदक्षिणा घातल्यावर तो येईल. मुलांना हे अंतर प्रत्यक्ष चालावयास लावावे. निदान गुरूपर्यंत तरी वर्गाने जावे.

वर्गातील दोन अडचणी

पहिली अडचण घरच्या कथांची. राहू-केतू, शेषाच्या फण्यावरील पृथ्वी या कथा मुलाने आजीकडून ऐकलेल्या असतात. त्यांची टवाळी केल्यास मुलास आजी व शाळा यांपैकी एकाची निवड करावी लागते, आणि ते बहुधा आजीची करते. याउलट, आकाशात काय घडते याचे कुतूहल पूर्वजांनाही होते आणि त्यांनी आपल्या परीने उत्तर शोधले, असे सांगावे. मग आर्यभट व भास्कराचार्य यांनी त्याच भूमीत पुढचे पाऊल कसे टाकले ते दाखवावे. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी निर्धास्तपणे पाहता येते. त्या रात्री मुलांना अंगणात बसवून छायेची वाटोळी कड वहीत काढावयास लावावी. त्या एका चित्राने जे साधेल ते शंभर उपदेशांनी साधणार नाही.

दुसरी अडचण मनाची आहे. पृथ्वी मध्यभागी नाही, सूर्य नाही, आकाशगंगाही नाही, हे ऐकून एखादे विचारी मूल म्हणते, “मग आपण काहीच नाही का?” या प्रश्नाची थट्टा करू नये. त्यास पुन्हा अंगणातील हरभऱ्याच्या दाण्याकडे न्यावे आणि सांगावे की, ज्या माणसांनी ही सारी अंतरे मोजली ती सर्व याच दाण्यावर राहत होती. त्यांपैकी कित्येकांजवळ एका काठीखेरीज काही नव्हते. विश्वात माणसाची जागा फार लहान आहे. परंतु ती जागा कोठे आहे हे त्याने स्वतः शोधून काढले आहे. एवढे त्या मुलास पटले, म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.

स्वाध्याय

१. मृग नक्षत्र जूनमध्ये रात्री का दिसत नाही? डिसेंबरअखेर ते केव्हा उगवते हे सलग आठ दिवस पाहून नोंद करा.

२. आपल्या गावी काठीची छाया नाहीशी होण्याचा दिवस कोणता, ते छाया मोजून ठरवा.

३. पृथ्वी फिरते तर विहिरीतील पाणी का सांडत नाही, हे घरातील एका वडीलधाऱ्या माणसास समजावून सांगा आणि त्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न वहीत लिहून आणा.

४. केप्लरने आठ कलांचा फरक दुर्लक्षिला असता तर काय झाले असते? पाच ओळींत लिहा.

५. आपण खरी मानतो अशी कोणतीही एक गोष्ट घ्या आणि ‘हे कसे कळले?’ याचे उत्तर शोधा.